वस्ती, चौकट आणि काळ : अनौपचारिक नागरी अवकाशाच्या आकलनात छायाचित्राचे स्थान

१. विषयाची मांडणी

मराठीत ‘वस्ती’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. माणसे जेथे घरे करून राहतात ती जागा म्हणजे वस्ती. आणि प्रवासात एखाद्या ठिकाणी रात्र काढणे म्हणजेही वस्ती. ‘पाहुणे वस्तीला आहेत’ किंवा ‘वस्तीची एस. टी.’ या प्रयोगांत वस्ती ही जागा नसून मुक्काम आहे. ती काळाची संज्ञा आहे. महानगरातील ज्या भागांना समाजशास्त्रात आणि नगररचनाशास्त्रात ‘अनौपचारिक’ हे विशेषण लावले जाते, त्यांचा विचार करताना या शब्दाचे दुहेरीपण मार्गदर्शक ठरते. हे भाग जागेने जितके घडतात तितकेच, किंबहुना अधिक, काळाने घडतात.

‘अनौपचारिक’ ही संज्ञा मूळची अर्थशास्त्रीय. कीथ हार्ट यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी घाना देशातील आक्रा शहरातील श्रमिकांचा अभ्यास मांडताना तिला रूढ केले आणि पुढे ती नागरी जागांनाही लागू झाली. प्रस्तुत लेखात ही संज्ञा पुढील अर्थाने वापरली आहे : मंजूर नकाशात जिची नोंद नाही, किंवा नोंद एका उपयोगाची आणि प्रत्यक्ष वापर दुसऱ्या उपयोगाचा आहे, अशी नागरी जागा. झोपडपट्टी हे तिचे ठळक उदाहरण. परंतु पदपथावरील बिऱ्हाड, मजुरांचा नाका, फेरीवाल्यांची रांग, चाळीच्या गॅलरीत मांडलेला शिवणयंत्राचा धंदा हीही तिचीच रूपे होत.

अशा जागांचे बाहेरच्या जगाला होणारे पहिले दर्शन बहुधा छायाचित्रातून होते. त्यावरून धोरणे ठरतात, सहानुभूती जागते, तिरस्कारही जागतो. म्हणून छायाचित्र हे या जागांच्या आकलनाचे साधन कितपत होऊ शकते, हा प्रश्न केवळ कलासमीक्षेचा राहत नाही. मराठीच्या अभ्यासकाला तो दुहेरी लागू होतो. १९६० नंतरच्या मराठी साहित्याने याच जागांना वाङ्मयीन रूप दिले आहे. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३), बाबुराव बागूल यांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९), भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५), नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) आणि अण्णाभाऊ साठे यांचे मुंबईविषयक लेखन ही त्याची परिचित उदाहरणे. हे साहित्य आणि तीच जागा टिपणारी छायाचित्रे एकमेकांसमोर ठेवली असता दोहोंच्या मर्यादा व सामर्थ्ये स्पष्ट होतात.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : छायाचित्र जागा थांबवून दाखवते, तर अनौपचारिक जागा तिच्या बदलत्या वापरातूनच अस्तित्वात येते; त्यामुळे एकटे छायाचित्र अशा जागेविषयी नकळत चुकीची साक्ष देते. परंतु हीच थांबवण्याची शक्ती काही प्रसंगी त्या जागेतील माणसाचा एकमेव आधार होते. हा अंतर्विरोध टाळून या छायाचित्रांचे वाचन करता येत नाही.

२. पूर्वपीठिका : पाडण्यापूर्वीचे चित्र

दाट व गरीब नागरी वस्तीच्या पद्धतशीर छायाचित्रणाचा एक आरंभबिंदू स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे सापडतो. १८६६ च्या नगरसुधार कायद्यानुसार तेथील जुन्या बोळांतील घरे पाडण्याचे ठरले, आणि ती पाडली जाण्यापूर्वी त्यांची नोंद राहावी म्हणून सुधारमंडळाने थॉमस अॅनन या छायाचित्रकाराकडे काम सोपवले. अॅनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात हे बोळ टिपले. त्या काळच्या काचपट्टीला अरुंद, अंधाऱ्या बोळात दीर्घकाळ प्रकाश द्यावा लागे. परिणामी भिंती, पायऱ्या, दोरीवरचे कपडे स्पष्ट उमटले. जी माणसे स्तब्ध उभी राहिली ती दिसली, आणि जी हलली ती धूसर झाली किंवा पूर्णपणे पुसली गेली. तंत्राच्या या मर्यादेचा एक अनपेक्षित अर्थ निघतो. वस्तीचे बांधकाम नोंदले गेले, तिची वर्दळ नोंदली गेली नाही. पाडण्याचा निर्णय घेणाऱ्यांना जे दिसणे सोयीचे होते, नेमके तेच काचपट्टीवर उतरले.

न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस यांनी उलट मार्ग धरला. डेन्मार्कहून स्थलांतर केलेले रीस पोलीसवार्ताहर होते. मॅग्नेशियमच्या चूर्णाचा झगझगाट करून अंधाऱ्या खोल्यांत रात्री चित्र घेण्याचे नवे तंत्र त्यांनी वापरले आणि १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या चित्रांत माणसे आहेत, पण पुष्कळदा दचकलेली, झोपेतून उठलेली, डोळे दिपलेली. सुधारणेचा हेतू प्रामाणिक होता आणि तिची फळेही दिसली; मलबेरी बेंड हा त्यांनी वारंवार टीकाविषय केलेला भाग पाडून तेथे १८९७ मध्ये उद्यान झाले. मात्र त्या चित्रांतील माणूस हा पाहिला गेलेला माणूस आहे. पाहणाऱ्याकडे उलट पाहण्याची सवड त्याला मिळालेली नाही.

मुंबईत हा इतिहास प्लेगच्या निमित्ताने अवतरतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात साथ उघडकीस आली. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, प्लेग समिती नेमली गेली आणि तिच्या कामाची छायाचित्रे घेण्यात आली. कॅप्टन सी. मॉस यांच्या नावे नोंदलेला त्यांचा संग्रह आज उपलब्ध आहे. घरझडतीची पथके, जंतुनाशकाचे फवारे, विलगीकरणाच्या छावण्या, रुग्णालयातील खाटा असे विषय त्यात आहेत. प्रकाश व हवा आत यावी म्हणून घरांची कौले उतरवली जात, आणि जी घरे मनुष्यवस्तीस अयोग्य ठरत त्यांच्यावर त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, ‘यू. एच. एच.’, रंगवली जात. कौले उतरवलेले घर हे एका अर्थी छायाचित्रासाठी उघडलेले घर होते. ज्या उजेडात चित्र निघते तोच उजेड आरोग्याचा निकष ठरला. १८९८ मध्ये मुंबई नगरसुधार मंडळाची स्थापना झाली आणि नागपाडा, मांडवी-कोळीवाडा यांसारख्या दाट भागांत पाडकाम व नवे रस्ते सुरू झाले.

या तीन उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. गरीब वस्तीचे छायाचित्र हे आरंभापासून हस्तक्षेपाशी जोडलेले आहे. ते बहुधा अशा क्षणी घेतले गेले की त्यानंतर ती जागा तशी राहणार नव्हती. म्हणून आजही अशा चित्राकडे पाहताना ‘यात काय दिसते’ या प्रश्नाइतकाच ‘हे घेतल्यानंतर काय झाले’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

३. स्थिर चित्र आणि चल जागा

नकाशावरची औपचारिक जागा एका उपयोगाची असते : रस्ता हा रस्ता, घर हे घर, कारखाना हा कारखाना. अनौपचारिक जागेत उपयोग घड्याळाप्रमाणे बदलतो. पहाटे जेथे पाण्याच्या हंड्यांची व पिंपांची रांग असते तेथे दहा वाजता पापड वाळत पडतात, दुपारी मुलांचा अभ्यास किंवा भांडण चालते आणि रात्री खाट पडते. नाका हे याचे बोलके उदाहरण. सकाळी दोन तास तो गवंडी, रंगारी, बिगारी यांच्या श्रमाचा बाजार असतो. त्यानंतर तो पुन्हा दोन रस्त्यांचा छेद होतो. दुपारी बारा वाजता घेतलेल्या चित्रात मजुरांचा नाका नसतोच. चित्र खोटे नसते. त्याची वेळ चुकलेली असते.

धारावीतील कुंभारवाडा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभार कुटुंबांची ही वस्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तेथे आहे. घर, कामाची जागा, माल ठेवण्याची जागा आणि सामायिक अंगणातील भट्टी ही येथे एकाच साखळीची अंगे आहेत. माती मळणे, चाकावर आकार देणे, वाळवणे, भाजणे आणि रचून ठेवणे या प्रत्येक टप्प्याला तीच जागा वेगळे रूप घेते. पावसाळ्यात वाळवणे अवघड होते, तर दिवाळीपूर्वी पणत्यांनी पायवाट भरून जाते. भट्टी पेटलेली असताना घेतलेले चित्र ‘धुराने कोंदलेली वस्ती’ दाखवील, रिकाम्या अंगणाचे चित्र ‘विनावापर पडलेली जागा’ दाखवील. दोन्ही चित्रे एकाच आठवड्यातील असू शकतात. नगररचनेचा आराखडा यांपैकी कोणत्या चित्रावर उभा राहतो यावर त्या अंगणाचे भवितव्य अवलंबून असते. कारण रिकामे दिसणारे अंगण ही बांधकामाला मोकळी जागा असते, आणि वाळवणाचे अंगण हे उपजीविकेचे साधन असते.

वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांनी मुंबईच्या संदर्भात ‘स्थिर नगर’ आणि ‘गतिमान नगर’ असा भेद केला आहे तो येथे साहाय्यक ठरतो. सिमेंट-दगडाचे, नकाशात बसणारे नगर एक. आणि कापड, बांबू, पत्रा, ताडपत्री यांनी उभे राहणारे, उत्सवात फुलणारे व ओसरणारे नगर दुसरे. दोहोंची भूमी एकच असते. यातील दुसऱ्या नगराचे चित्र एका चौकटीत मावत नाही; त्याला चित्रमालिका लागते, एकाच जागेवरून वेगवेगळ्या वेळी घेतलेली.

उंचावरून घेतलेली चित्रे हा या प्रश्नाचा अर्वाचीन भाग आहे. जॉनी मिलर या छायाचित्रकाराने २०१६ पासून दक्षिण आफ्रिकेत आणि पुढे मुंबईसह अन्य शहरांत ड्रोनच्या साहाय्याने श्रीमंत व गरीब वस्त्यांच्या सीमारेषा टिपल्या. एका बाजूस काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूस निळ्या ताडपत्र्यांचा अखंड पट्टा. विषमतेची इतकी निःसंदिग्ध आकृती जमिनीवरून दिसत नाही, हे या चित्रांचे श्रेय होय. तथापि उंचावरून वस्तीचे फक्त छप्पर दिसते, आणि छप्पर हे घराचे सर्वांत मुके अंग आहे. ओटा, उंबरा, पोटमाळा, शिडी, मोरी, शेजाऱ्याशी सामायिक असलेली भिंत ही जी या घरांची खरी रचना, ती छपराखाली झाकलेली असते. ओट्यावर घर संपते की गल्ली सुरू होते हे जमिनीवर उभे राहिल्यावरही चटकन सांगता येत नाही. आकाशातून तो प्रश्नच उद्भवत नाही.

योनास बेंडिक्सेन यांनी ‘द प्लेसेस वी लिव्ह’ (२००८) या पुस्तकात नेमकी उलट दिशा घेतली. काराकास, नैरोबी, जकार्ता आणि मुंबई येथील झोपडवस्त्यांतील घरांच्या आतून, चारही भिंती सलग दिसतील अशी चित्रे त्यांनी घेतली आणि प्रत्येक घरासोबत त्यात राहणाऱ्यांचे निवेदन दिले. आतून पाहिले असता अभावाइतकीच मांडणीही दिसते : फळीवर उतरंडीने लावलेली भांडी, देवाचे वा नेत्याचे चित्र, दूरदर्शनसंच, मुलांची दप्तरे. ‘गलिच्छ’ आणि ‘अव्यवस्थित’ या विशेषणांची सवय झालेल्या दृष्टीला ही व्यवस्था अनपेक्षित वाटते. शिवाय निवेदनामुळे चित्राला काळ मिळतो : किती वर्षे झाली, कोठून आलो, भिंत केव्हा पक्की केली. चित्राला जे सांगता येत नाही ते शब्दाने सांगावे, ही येथे केवळ सजावट नसून पद्धतीची गरज आहे.

मराठी कथात्म साहित्यात हा काळ अंगभूतच असतो. दळवींच्या कादंबरीचे ‘चक्र’ हे शीर्षकच कालवाचक आहे. वस्ती तेथे स्थळ म्हणून नव्हे तर आवर्तन म्हणून येते. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि त्या वस्तीचे नाव त्यांनी आपल्या कथासंग्रहाच्या शीर्षकात घेतले. लेखकाचा पत्ता आणि लेखनाचा विषय येथे एकच आहेत. अरुण कोलटकर यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या इंग्रजी संग्रहातही दक्षिण मुंबईतील एका वाहनतळाचा व पदपथाचा परिसर दिवसाच्या प्रहरांनुसार उलगडतो. न्याहारीची वेळ हा त्यातील एका दीर्घ कवितेचा कणाच आहे. पाहणारा एका जागी बसून राहतो आणि जागा त्याच्यासमोर बदलत जाते. छायाचित्रकाराने या रीतीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

४. फॉकलंड रोड आणि ‘गोलपिठा’

चित्र आणि शब्द यांची तुलना एकाच भूभागापुरती मर्यादित ठेवली तर ती अधिक नेमकी होते. मुंबईतील कामाठीपुरा व त्यालगतचा फॉकलंड रोड हा परिसर त्यासाठी योग्य आहे. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस येथील वेश्याव्यवसायातील स्त्रियांची रंगीत छायाचित्रे घेतली आणि १९८१ मध्ये ‘फॉकलंड रोड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याआधी सुमारे दहा वर्षे त्या या रस्त्यावर येऊन प्रयत्न करीत होत्या आणि त्यांना हुसकावून लावले जात होते. अखेरीस परिचय वाढला, स्त्रियांनी त्यांना आत घेतले, तेव्हाच ही चित्रे शक्य झाली. रीस यांच्या पद्धतीहून हा मूलभूत फरक आहे. येथे कॅमेऱ्याला उंबऱ्यावर थांबावे लागले आहे, आणि चित्रांतील अनेक स्त्रिया थेट कॅमेऱ्याकडे पाहतात.

तथापि पुस्तकाच्या वाचकाला आणखी एक गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे, आणि ती चित्रांत नाही. फॉकलंड रोडचे अधिकृत नाव पठ्ठे बापूराव मार्ग असे आहे. तमाशाच्या इतिहासातील या थोर शाहिराचे नाव रस्त्याला मिळाले, त्यामागे या परिसराचे नाट्यगृहांशी असलेले नाते आहे. जवळच्या ‘पिला हाऊस’चे नाव ‘प्लेहाऊस’ या इंग्रजी शब्दाचा मुंबईकर जिभेवर घडलेला अपभ्रंश आहे. करमणूक, कला, श्रम आणि देहविक्रय यांचे थर या रस्त्यावर एकावर एक बसलेले आहेत. छायाचित्रात सर्वांत वरचा थर तेवढा दिसतो. खालचे थर नावांत व भाषेत टिकून राहतात.

ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये, दलित पँथरच्या स्थापनेच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. कवी याच परिसरात वाढला होता. संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुंबईतच राहणाऱ्या एका जाणत्या मराठी लेखकाला या कवितेतील अनेक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले आणि हा परिसर कवीसोबत जाऊन पाहावा लागला. मराठी वाचकही या जागेच्या बाहेरच होता, याची ती प्रस्तावना साक्ष आहे. मार्क यांना जो उंबरा दिसला तो मध्यमवर्गीय मराठी वाचकालाही ओलांडावा लागला. साधन तेवढे वेगळे होते.

दोन कृतींतील भेद मुख्यतः स्थानाचा आहे. छायाचित्राला उभे राहण्यासाठी एक बिंदू लागतो, आणि तो बिंदू कितीही जवळ नेला तरी चित्रविषयाच्या समोरच राहतो. ‘गोलपिठा’तील निवेदकाला असा समोरचा बिंदू नाही. तो त्या जागेच्या भाषेतच बोलतो. हिंदी, उर्दू, गुजराती व गुन्हेगारी जगातील शब्द मराठीच्या वाक्यरचनेत शिरतात आणि प्रमाणभाषेची चौकट मोडते. अनौपचारिक जागेला अनौपचारिक भाषा मिळते. उलटपक्षी ‘गोलपिठा’त नसलेले काही मार्क यांच्या चित्रांत आहे. कवितेत समूहाचा आक्रोश इतका प्रबळ आहे की एकेका व्यक्तीचा चेहरा त्यात विरघळतो. चित्रांत तो चेहरा आहे : वाट पाहणारा, कंटाळलेला, हसणारा. भिंतीचा रंग, आरशासमोरची डबी, खाटेचा पडदा हे तपशील छायाचित्रकाराने निवडलेले असोत वा नसोत, ते चौकटीत येतात. न निवडलेला तपशील ही छायाचित्राची खास देणगी होय. लेखक जे लिहीत नाही ते पानावर नसते. छायाचित्रकार जे पाहत नाही तेही काचेवर उमटते.

पुढे ही दोन साधने एका पुस्तकात एकत्र आली, ही घटना मराठीच्या अभ्यासकांनी नोंदवण्यासारखी आहे. जर्मन छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर यांच्या चित्रांसह दिलीप चित्रे व नामदेव ढसाळ यांचा सहभाग असलेला मुंबईविषयक ग्रंथ १९९६ मध्ये म्युनिक येथून निघाला. चित्रे यांनी केलेल्या ढसाळांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादाचा २००७ चा ग्रंथही श्टेगम्युलर यांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांत चित्र कवितेचे स्पष्टीकरण होऊ लागले तर दोहोंची हानी होते. दोघे परस्परांना प्रश्न विचारू लागले तरच सहवास सफल होतो.

मराठी समाजातून आलेल्या छायाचित्रकाराचे उदाहरण म्हणून सुधारक ओलवे यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांनी दीर्घकाळ छायाचित्रण केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामगारांत दलित समाजाचे प्रमाण फार मोठे आहे. नगर ज्यांच्या श्रमाने स्वच्छ दिसते त्यांनाच नगराच्या चित्रातून वगळले जाते, हा विरोध ओलवे यांच्या कामाचा गाभा आहे, आणि दलित साहित्याने मांडलेल्या प्रश्नाशी त्याचे सख्य उघड आहे.

५. फोटोपास : चित्राचा दुसरा व्यवहार

आतापर्यंतचा विचार बाहेरच्या माणसाने घेतलेल्या चित्राचा होता. परंतु मुंबईच्या झोपडपट्टीत ज्या छायाचित्राला सर्वाधिक मोल आहे ते कोणत्याही प्रदर्शनात लागत नाही. ते पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले असते. ते फोटोपासावरचे छायाचित्र होय.

राज्य शासनाने १९७१ मध्ये झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायदा केला आणि १९७६ मध्ये बृहन्मुंबईतील झोपड्यांची गणना करून रहिवाशांना ओळखपत्रे देण्याचे धोरण स्वीकारले. पुढे छायाचित्र असलेले हे पत्र ‘फोटोपास’ या नावाने बोलीत रुजले. २००१ मध्ये कायद्यात झालेल्या सुधारणेने १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या पात्र झोपडीधारकांना संरक्षण दिले; २०१४ मध्ये ती मर्यादा १ जानेवारी २००० पर्यंत वाढवण्यात आली. पाडकामाच्या वेळी, पुनर्वसनाच्या यादीत, न्यायालयात हा कागद पुढे करावा लागतो. त्यावरच्या लहानशा चित्राचे सौंदर्यमूल्य शून्य आहे. पण हा माणूस या क्रमांकाच्या झोपडीत अमुक काळी होता, एवढे विधान ते करते. छायाचित्र म्हणजे ‘हे होते’ याची खात्री, हा रोलाँ बार्त यांनी १९८० मध्ये मांडलेला विचार येथे तात्त्विक न राहता घराचा प्रश्न होतो.

मात्र येथेही चौकटीची मर्यादा सुटत नाही. पुनर्विकासाच्या व्यवहारात झोपडीची नोंद निवासी, अनिवासी किंवा संयुक्त अशा वर्गांत करावी लागते. पोटमाळ्यावर निजणे आणि खाली शिलाई करणे, किंवा दिवसा कारखाना व रात्री कामगारांचे झोपण्याचे ठिकाण, असे जे काळानुसार बदलणारे वापर, ते या वर्गांत तुकडे होऊन बसतात. भाडेकरूचे चित्र बहुधा पासावर नसते. पोटमाळ्यावर राहणारा भाऊ वा दीर चौकटीबाहेर राहतो. ज्या क्षणी चित्र घेतले तो क्षण हक्क ठरतो आणि त्यानंतर आलेला माणूस उपरा ठरतो. वस्ती म्हणजे मुक्काम, हा अर्थ येथे कायद्याच्या तारखेशी येऊन धडकतो.

पदपथावर राहणाऱ्यांना तर हा कागदही नव्हता. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांची जी पाहणी प्रसिद्ध केली तिचे शीर्षक ‘आम्ही, अदृश्य’ या अर्थाचे होते. रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर असणारी माणसे स्वतःला अदृश्य म्हणतात, यात दिसणे आणि नोंदले जाणे यांतील अंतर सामावले आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, मात्र पूर्वसूचना देऊन हटवण्याची मुभाही कायम ठेवली. आणि त्याच वर्षीच्या आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या अनुबोधपटात घर पाडलेली एक स्त्री कॅमेऱ्यालाच फैलावर घेते. आमची चित्रे काढून तुमचे नाव होईल, आमचे काय होईल, या आशयाचा तिचा सवाल पटवर्धन यांनी गाळला नाही. फोटोपासावरचे चित्र तिच्या प्रश्नाचे अपुरे, पण प्रत्यक्ष उत्तर आहे. इतर चित्रांना ते अजून द्यायचे आहे.

६. वाचनाची पद्धत

वरील विवेचनातून पदव्युत्तर वर्गात वापरता येईल अशी एक पद्धत सुचते. अनौपचारिक जागेचे छायाचित्र हाती आल्यावर विद्यार्थ्यांनी पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

(अ) कोठून? कॅमेरा छपरावर आहे, रस्त्यावर आहे, उंबऱ्यावर आहे की आत? स्थान बदलले की वस्तीविषयीचे विधानही बदलते. उंचावरचे चित्र प्रमाण सांगते, आतले चित्र मांडणी सांगते.

(आ) केव्हा? दिवसाचा प्रहर, वार, ऋतू आणि सणवार यांचे कोणते संकेत चित्रात आहेत? सावलीची लांबी, वाळत घातलेले कपडे, भरलेली किंवा रिकामी पिंपे, मिटलेली दारे यांवरून हे बव्हंशी काढता येते. याच जागेचे दुसऱ्या वेळचे चित्र कसे असेल, हे विद्यार्थ्याने लिहून काढावे. कल्पनेचा हा व्यायाम नसून उणीव मोजण्याचा आहे.

(इ) कोणाच्या हाती? चित्र घेतले कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, आणि आता ते कोणाजवळ आहे : वृत्तपत्राजवळ, संग्रहालयाजवळ, विकासकाजवळ की चित्रातल्या माणसाजवळ? चित्राखालची ओळ कोणी लिहिली? ‘बकाल वस्ती’ आणि ‘कुंभारवाडा, माती वाळवण्याची वेळ’ या दोन ओळी एकाच चित्राखाली बसू शकतात.

(ई) चौकटीबाहेर काय? पाणी कोठून येते, माल कोठे जातो, भाडे कोण घेतो, या घरातली माणसे दिवसा कोणाच्या घरी काम करतात? या प्रश्नांसाठी साहित्यकृती, जनगणना, न्यायनिवाडे आणि प्रत्यक्ष बोलणे यांकडे वळावे लागते. मराठी कथा-कादंबरी येथे केवळ उदाहरण म्हणून न येता पुरावा म्हणून येते.

याच प्रश्नांचा उलट उपयोगही करावा. ‘वासूनाका’ वाचताना निवेदकाचा ‘कॅमेरा’ कोठे आहे, नाक्यावरची कोणती वेळ कादंबरीत येते आणि कोणती येत नाही, त्या नाक्यावर सकाळी पाणी भरायला येणाऱ्या स्त्रियांच्या नजरेतून तोच नाका कसा दिसला असता, असे विचारले असता साहित्यकृतीतील न पाहिलेल्या जागाही उघड होतात. छायाचित्राच्या सान्निध्याने साहित्याचे वाचन अधिक कठोर होते, ही या तुलनेची कमाई आहे.

७. समारोप

छायाचित्र अनौपचारिक नागरी जागेचे अंतिम आकलन देत नाही. ते त्या जागेविषयीचा एक जबाब असते, आणि प्रत्येक जबाबाप्रमाणे त्याची उलटतपासणी आवश्यक असते. ग्लासगोच्या काचपट्टीवरून हलणारी माणसे पुसली गेली. प्लेगच्या चित्रात घराचे छप्पर उघडे पडले. ड्रोनच्या चित्रात फक्त छप्पर उरले. फोटोपासावर एका दिवसाचा एक चेहरा कायम झाला. प्रत्येक वेळी काहीतरी थांबवले गेले आणि काहीतरी निसटले. निसटलेल्या भागाला मराठी साहित्याने वेळोवेळी शब्द दिले. परंतु साहित्यालाही त्याच्या चौकटी आहेत, आणि त्या दाखवून देण्याचे काम कित्येकदा भिंतीवरच्या एखाद्या न निवडलेल्या खिळ्याने केले आहे.

आज मुंबईतील वस्त्यांची सर्वेक्षणे अंकीय यंत्रांनी व हवाई मापनाने होत आहेत. चित्रे पूर्वीपेक्षा असंख्य पटींनी वाढली आहेत. त्यांचे वाचन त्या प्रमाणात वाढलेले नाही. एखाद्या अंगणाची नोंद ‘मोकळी जागा’ अशी होते की ‘वाळवणाची जागा’ अशी, यावर कुटुंबांचे पुढील आयुष्य ठरत असताना, चित्र वाचण्याचे शिक्षण हे भाषा-साहित्याच्या विभागांना परके मानता येणार नाही. शब्दांचे थर उकलण्याची जी सवय हे विभाग लावतात, तिची गरज आता त्या अंगणाच्या चित्रालाही आहे.